आभार मानायचे नसतात

आन्स पेर्दू, लुइझियाना
१५ ऑक्टोबर २००४

प्रिय तिक्लो,

तुझं कार्ड ऑगस्टातच पोचलं होतं. उत्तराला उशीर झाला खरा, पण सबंध सप्टेंबर वादळाच्या धास्तीत गेला. खिडक्यांना फळ्या ठोकून घेतल्या, पाण्याचे कॅन भरून ठेवले, आणि वादळ गेलं शेजारच्या राज्यात. मग त्या फळ्या काढायला माणूस मिळेना. भर दुपारी दिवा लावून बसत होते.

तू लिहिलं होतंस, शर्यतीचा ट्रॅक कॅसिनो झाल्यापासून ओळखू येणार नाही, एकदा येऊन बघ. तर काल मी येऊन गेले. आमच्या चर्चच्या म्हाताऱ्यांची सहल असते दर महिन्याला. या वेळी अर्लीनने कॅसिनोचं नाव काढलं आणि फादरांनी फक्त जेवायला म्हणून परवानगी दिली. फादरसुद्धा भोळे आहेत किंवा तसं दाखवतात. अर्लीन तुला ठाऊक नाही, भाताच्या गिरणीसमोर राहते, आवाज असा की चर्चची घंटा वाजवायची गरज पडू नये. तिच्यासारख्या सात जणी आणि मी, अशा आम्ही गेलो. तुला शोधलं, पण एवढ्या गर्दीत तू कुठे सापडणार? तुझी सुटी असेल. तू काय काम करतोस तेही धड लिहिलं नव्हतंस. ऑफिसात असशील, असं मी धरून चालले होते.

ओळखू येत नाही हे मात्र अगदी खरं. पापा ज्या कठड्याला रेलून उभे राहायचे, तिथे आता यंत्रांची रांग आहे. बायका स्टुलावर बसून बटणं दाबत असतात. एकीच्या नाकात प्राणवायूची नळी होती, आणि शेजारची तिच्या तोंडावर सिगारेटचा धूर सोडत होती. खिडकी औषधालाही नाही. मला गुदमरायला झालं म्हणून मागचं दार शोधून बाहेर पडले, तर काय, शर्यत चालू होती! खरे घोडे, खरी धूळ, तोच घामाचा आणि गवताचा वास. बघायला मात्र चार डोकी. घोड्यांना कुणी सांगितलं नसावं, ते आपले जीव तोडून धावत होते. एक करडी घोडी मागे पडली होती, तिला बघून तुझी मादलेन आठवली. तिला पाणी दाखवून आत नेईपर्यंत मी तिथेच उभी होते.

जेवणाबद्दल न बोललेलं बरं. गंबोतलं पीठ भाजलंच नव्हतं, रस्सा दुधाच्या चहासारखा दिसत होता. आईने तो डुकरांपुढे ओतला असता.

दाराशी कुणाला तरी जॉकीचे कपडे चढवून उभं केलं होतं. मी काही नीट पाहिलं नाही.

बाकी ठीक. निळा ड्रेस मिठाच्या पाण्यात भिजत टाकलाय, डाग निघेल असं वाटत नाही. तब्येत सांभाळ. कंबरेच्या दुखण्याचं काय झालं ते कळव.

तुझी बहीण,
एल्मीर


आन्स पेर्दू
२१ ऑक्टोबर

तिक्लो,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नाही, एक ओळ नाही, नुसतं माझं पुढच्या खेपेच्या जेवणाचं कूपन. जसं दिलं होतं तसंच घडी घातलेलं, कोपऱ्यावर माझ्या बोटाचा लाल ठसा. स्वयंपाकघरात उभ्यानेच पाकीट फोडलं.

बरं. पाहिलं मी तुला.

पण माझी बाजूही ऐकून घे. माझं नाक लहानपणापासून कसं आहे ते तुला सांगायला नको. त्यात आता डॉक्टरने रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्यात. त्यात तो धूर. निघायच्या वेळी आम्ही दाराशी बसची वाट बघत उभ्या होतो आणि धार लागली. रुमाल भरला, अर्लीनचा रुमाल भरला, ड्रेसवर ओघळ आला. तिथला मॅनेजर आला, तो कुठल्या तरी वाळवंटातल्या कॅसिनोतून बदलून आलेला माणूस, खिशातून पट्टी काढून उभा राहिला. नाकाला पट्टी कुठे लावणार होता देव जाणे. तेवढ्यात अर्लीन ओरडली, "अहो, कुणी रक्त थांबवणारं आहे का इथे? त्रेतूर आहे का कुणी?" मॅनेजरला वाटलं ती काही खायला मागतेय.

आणि मग तू पुढे आलास. मागितल्यावर प्रार्थनेने गुण देणाऱ्या त्रेतूराला नाही म्हणता येत नाही, म्हणून आलास. लाल-पिवळी साटनची बंडी, पाठीवर आकडा, बगलेत चाबूक. तू माझं नाव विचारलंस, पूर्ण नाव, जसं प्रार्थना पुटपुटायच्या आधी विचारायचं असतं. मी मिसेस दुगा म्हणाले. नवरा वारला म्हणून आडनाव बदलत नाही, तेच माझं आडनाव आहे. तू कपाळावर अंगठा टेकलास, मानेमागे हात धरलास, ओठ हलवलेस आणि रक्त थांबलं. नळ बंद करावा तसं.

त्यावर मी "आभारी आहे, साहेब" म्हणाले आणि कूपन तुझ्या हातात कोंबलं. त्रेतूराला काही द्यायचं नसतं आणि त्याचे आभार तर मुळीच मानायचे नसतात, नाहीतर गुण जातो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही आहे. म्हणूनच सांगतेय की मी भांबावले होते. चष्मा पर्समध्ये होता. एवढं रक्त गेल्यावर माणूस काय बोलतो त्याला काही अर्थ असतो का?

आणि तू तरी? "पायरी सांभाळा, मॅडम," म्हणालास. सख्ख्या बहिणीला मॅडम म्हणताना जीभ अडखळली नाही तुझी? मीमी म्हणायचास. तू हाक मारली असतीस तर मी काय तोंड फिरवणार होते?

कूपन परत पाठवून काय मिळवलंस मला कळत नाही. ओळख दाखवायची नव्हती तर कूपनही ठेवून घ्यायचंस.

एल्मीर

ता. क. बस हमरस्त्याला लागायच्या आत रक्त परत सुरू झालं. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.


आन्स पेर्दू
३० ऑक्टोबर

तिक्लो,

तुझं उत्तर नाही, आणि यायचं कारणही नाही. मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत माझी मलाच लाज वाटायला लागली होती. तू हाक मारली असतीस तर मी तोंड फिरवलं असतं. तुलाही ते दिसलं होतं, म्हणून तू मॅडम म्हणालास. मला वाचवलंस, आणि वर मी तुलाच बोल लावले.

चष्मा डोळ्यांवर होता. भांबावले वगैरे काही नव्हते.

आता सुरुवातीपासून लिहिते, नाहीतर परत काहीतरी मागे ठेवीन. तुझ्या कार्डावर स्वच्छ लिहिलं होतं, "मी दाराशीच असतो, मीमी, आलीस की आधी मीच दिसेन." ते कार्ड बायबलच्या खाली दडवून ठेवलं होतं मी. आल्यागेल्याच्या हाती लागू नये म्हणून. तू वसंतात परत आलास, तीस मैलांवर राहतोस, आणि या गावात एका माणसाला मी ते सांगितलेलं नाही. का, ते ऐक. लग्नानंतर नॉरिस गिरणीचा मॅनेजर झाला तेव्हापासून लोक माझ्या माहेरची चौकशी करायला लागले. तुझी कार्डं केंटकीहून यायची. कुणीतरी विचारलं, भाऊ काय करतो? मी म्हटलं, केंटकीत घोडे बघतो. ते खोटं नव्हतं, तबेल्यात तू घोडेच बघत होतास. पुढच्या वर्षी मी म्हणाले की घोडे तयार करतो. त्याच्या पुढच्या वर्षी तुझे स्वतःचे घोडे झाले. मग कुरण झालं, पांढरं कुंपण झालं. नॉरिस बिचारा ऐकून घ्यायचा. तो गेल्यावर तर मला अडवणारं कुणीच उरलं नाही. गेल्या नाताळात मी तुझ्या कुरणात तळं खोदलं.

त्यामुळे अर्लीन तुझ्यासमोर काय बोलली ते तुला कळलं असेल. माझं नाक पुसता पुसता ती तुला सांगत होती, "जपून हं, साहेबीण आहे आमची. हिच्या भावाचे केंटकीत घोडे आहेत, शंभर एकर कुरण आहे." तुझा अंगठा माझ्या कपाळावर होता. तो जरा थांबला. मग तू म्हणालास, "मग यांना घोड्यांतलं कळत असणार." एवढंच, आणि पुढे प्रार्थना सुरू केलीस. तुझ्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आभार मी मुद्दाम मानले. त्यातला शब्द न् शब्द मुद्दाम होता. आपल्याकडचं माणूस त्रेतूराचे आभार मानत नाही; परक्या गावचं, न कळणारं माणूस मानतं. अर्लीन शेजारी उभी होती. तू आणि मी एका गावचेही नाही, एका रक्ताचे तर नाहीच, हे तिला पटावं म्हणून मी आभार मानले, आणि पुरे पडणार नाही असं वाटलं म्हणून वर कूपन दिलं. मेमेर आजी असती तर तिने मला त्या दारातच थोबाडलं असतं. आणि खरं सांगू? मेमेरने ती प्रार्थना तुला दिली याचं मला अजून वाईट वाटतं. बाईने पुरुषाला द्यायची असते, मला माहीत आहे. पण मरताना तिचे पाय मी चेपत होते आणि तिने तुला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. मी दाराला कान लावला होता. शब्द सगळे ऐकले, माझ्या तोंडून त्यांचा काही उपयोग होत नाही एवढंच. तरण्या वयात एकदा चोरून करूनही पाहिलं होतं, शेजारणीच्या चामखिळीवर. ती उलट वाढली.

अजून एक राहिलं. हे लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार करत होते.

मी तुला दाराशी पहिल्यांदा पाहिलं नाही. बसमधून पाहिलं. बस उभी राहत होती, आणि दाराबाहेर तो जो प्लास्टरचा घोडा ठेवलाय, ज्याच्यावर बसवून फोटो काढतात, त्याच्यावर तू होतास. कुणीतरी हौशी लोकांनी तुला वर चढवलं होतं. फोटो काढून झाले आणि ते निघून गेले. तुला खाली उतरता येईना. कंबरेमुळे तो पाय पलीकडून अलीकडे येईना. तू एक हात पुढे केला होतास, कुणी धरावा म्हणून. तिथून माणसं जात-येत होती, एक जण जाता जाता तुझ्या टोपीवर हात घासून गेला, नशीब उघडावं म्हणून. तू टोपी सरळ केलीस आणि हात परत पुढे धरलास. बसचं दार उघडलं. अर्लीन म्हणाली, "चल ना, एल्मीर." मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, माझा चष्मा सापडत नाहीये." चष्मा डोळ्यांवर होता. मी पर्समध्ये तोंड खुपसून बसले, आणि वर पाहिलं तेव्हा तू उतरला होतास. कसा उतरलास ते मला माहीत नाही.

तुला आठवतं का, पापा मागच्या शेतात रविवारी शर्यती लावायचे तेव्हा ओझं हलकं हवं म्हणून खोगिराला जिवंत कोंबडा बांधायचे? तो पंख फडफडवायचा आणि घोडा घाबरून सुसाट सुटायचा. मग तू सहा वर्षांचा झालास आणि कोंबडा सुटला. तुला कोंबड्याच्या जागी बसवलं. तुला घोड्यावर राहता यायचं, पण उतरता यायचं नाही, पाय पोचायचे नाहीत. म्हणून शेताच्या टोकाला मी उभी असायची. तू आलास की मी हात वर करायची आणि तू आंधळ्यासारखी उडी टाकायचास. कधी बघितलंही नाहीस, मी आहे की नाही.

मी फार वाईट वागले, तिक्लो. माझी जीभ कडू झालीये लिहून लिहून.

मीमी


आन्स पेर्दू
८ नोव्हेंबर

तिक्लो,

थोडंच लिहिते.

नाकाचं थांबत नाही. डॉक्टरने एकदा कापूस भरला, एकदा आतून भाजलं. तो म्हणतो गोळ्यांमुळे. असेलही. मला मात्र माहीत आहे की मी गुण घालवला.

गुरुवारी बस परत तिकडे येणार आहे. बायकांना ते यंत्रांचं चांगलंच वेड लागलंय, फादर आता जेवणाचं नावही काढत नाहीत. मी येणार आहे. सगळ्यांसमोर तुझ्याकडे मागणार आहे, माझं रक्त थांबव म्हणून. केंटकीचं कुरण त्याच वेळी बुडणार, बुडू दे.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. तुला कुणी मागितलं तर नाही म्हणता येत नाही. मी केलं त्यानंतरही तुला माझ्या कपाळावर हात ठेवावा लागणार, कारण तशी रीत आहे. ही परत जबरदस्तीच झाली. एकदा तुझ्या रीतीचा मी दगड करून तुझ्यावर फेकला, आता तिचाच दोर करून तुला ओढून घेऊ? म्हणून आधी कळवतेय. तुला नको असेल तर गुरुवारी रजा घे. दाराशी दुसरं कुणी असलं तर मी समजेन, आणि कुणालाही काही न बोलता जेवून परत येईन. तो कच्च्या पिठाचा गंबो खाणं हीसुद्धा एक शिक्षाच आहे.

असलास तर बरं होईल.

मीमी


आन्स पेर्दू
१२ नोव्हेंबर

तिक्लो,

काल दाराशी काय झालं ते तुला माहीतच आहे. तरी लिहिते, कारण मला ते माझ्या अक्षरात बघायचंय. आणि बसमध्ये काय झालं ते तुला माहीत नाही.

सगळा रस्ता मी खिडकीशी बसून प्रार्थनेचे मणी ओढत होते. तू असावास म्हणून की नसावास म्हणून, ते देवालाही कळलं नसेल. बस वळली आणि लांबून लाल-पिवळं दिसलं. आधी वाटलं दुसराच कुणी आहे, कारण उंच दिसत होता. मग कळलं की तू त्या मेल्या घोड्यावर बसला आहेस. आसपास फोटो काढणारं कुणीही नव्हतं. तू स्वतःहून चढला होतास की कुणी चढवलं होतं, हे मी तुला विचारणार नाही.

मी सगळ्यांच्या आधी उतरले. अर्लीन मागून "अगं पायरी, पायरी" करत होती. मी घोड्यापाशी येऊन उभी राहिले. काय बोलायचं ते घरून पाठ करून आले होते, त्यातलं काही आठवेना. मग हातच वर केले. सत्तरीच्या बाईने पासष्टीच्या माणसाला उतरवायला हात वर करायचे म्हणजे चेष्टाच. दोघंही पडलो असतो. पण तू त्या तेवढ्या उंचीवरून खाली न बघता पाय सोडलास, आणि तुझं वजन माझ्या खांद्यावर आलं. अजून कोंबड्याएवढंच आहे. काही खातोस की नाही?

मग मी मागितलं. तू अगदी परक्यासारखं, कामाच्या आवाजात विचारलंस, "नाव?" मला क्षणभर वाटलं तू मला माफ केलेलं नाहीस. नंतर लक्षात आलं की तू मला संधी देतोयस.

"एल्मीर फ्यूझेलिए," मी म्हणाले. "अद्रियें फ्यूझेलिएची मुलगी. तुझी बहीण." माझा आवाज अर्लीनपेक्षा मोठा निघाला. आतल्या यंत्रांपाशीसुद्धा दोघी-तिघींनी मान वळवून पाहिलं.

तू अंगठा टेकलास. तुझ्या हाताला अजून चामड्याचा वास येतो. मेमेरचे शब्द मी तुझ्याबरोबर मनात म्हटले, माझ्या तोंडून ते निरुपयोगी आहेत तरी. झाल्यावर तू हात काढलास आणि माझ्याकडे बघत राहिलास. माझे ओठ उघडले होते. तू बारकाईने बघत होतास, मी काय बोलते ते. मी ओठ मिटले. माझ्या सबंध आयुष्यात गप्प बसायला एवढं बळ लागलं नव्हतं.

आता बसमधलं. परतताना मी वाट बघत होते की आता कुरणाचं निघेल, तळ्याचं निघेल. शेवटी मीच उभी राहिले आणि सीटची पाठ धरून म्हटलं, "बायांनो, मी तुमच्याशी खोटं बोलले."

अर्लीन खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बस खाली, पडशील. आम्हाला गेल्याच वेळी कळलं होतं."

तिने सांगितलं ते ऐक. बायकांच्या संडासाकडे जाताना भिंतीवर जुने फोटो लावलेत ना, त्यात तुझा आहे. मादलेन जिंकली त्या दिवशीचा. तू वर, पापा लगाम धरून, आई, आणि घोडीच्या मानेवर हात ठेवून मोठी टोपी घातलेली मी. खाली सगळ्यांची नावं छापली आहेत, माझंसुद्धा, माहेरच्या आडनावासकट, आणि तुझ्या नावापुढे, आता हाच दाराशी तुमचं स्वागत करतो, असंही. मी त्या बाजूला फिरकलेच नाही, धूर लागला म्हणून मागच्या दाराने बाहेर गेले, त्यामुळे मला पत्ता नाही. "आम्ही सगळ्या तिकडे जातोच की, एल्मीर," अर्लीन म्हणाली. "या वयात तर दोन-दोनदा."

म्हणजे मी तुझे आभार मानले तेव्हा त्या सगळ्यांना ठाऊक होतं. सातही जणींना. समोर उभ्या राहून त्या बघत होत्या की ही आता तरी म्हणते का, आता तरी म्हणते का. त्रेतूर आहे का असं अर्लीन ओरडली, तेही उगाच नव्हतं. तू प्रार्थना जाणतोस हे तिच्या आईने तिला सांगितलं होतं. कुरणाचं तुला ऐकवलं तेही मला डिवचायला, मी कबूल व्हावं म्हणून. आणि मी कूपन काढलं. मग महिनाभर कुणी चकार शब्द काढला नाही, रविवारी माझ्याशेजारी बसून गाणी म्हटली, माझा ड्रेस धुतला का विचारलं. मला वाटत होतं लाज मी घरात कडी लावून ठेवलीये. ती साऱ्या गावभर माझ्याआधी पोचली होती.

मी खाली बसले. रडू आलं, ते आवरलं नाही. अर्लीनने रुमाल दिला आणि म्हणाली, "नाक जपून पुस, परत फुटेल."

फुटलं नाही. काल नाही, आज नाही. सकाळी नाक शिंकरून पाहिलं, स्वच्छ आहे.

रविवारी मी गंबो करणार आहे, पीठ तासभर ढवळून, आईसारखं काळपट. एका माणसापुरता मला कधी करता येत नाही, उरतोच. अंजिरांचा मुरंबाही यंदा जास्त झालाय, एक बरणी पायरीवर ठेवलेली असेल. ती मी तुझ्यासाठी ठेवली आहे असं नाही, फडताळात जागा नाही म्हणून ठेवली आहे. जाता-येता कुणी उचलली तर मी काही विचारत नाही.

घर तेच आहे. खिडक्यांच्या फळ्या काढल्यात, रस्त्यावरून दिवा दिसतो. येताना ती बंडी घालून आलास तरी चालेल, अर्लीनला फोटो काढायचा आहे.

आणि ते दुसरं, जे कालपासून माझ्या ओठांवर येतंय, ते मी म्हणत नाहीये. कधीच म्हणणार नाही. तू समजून घे.

मीमी